मोतीचा उजवा डोळा

आज पहाटेही मोतीचा उजवा डोळा चिकटलेलाच. झोपेतून उठल्यावर कोपऱ्यात जमणारी तांबूस, सुकी चिपडं मी वर्षानुवर्षं पुसत आलो. पण हा पिवळट-हिरवा, तार धरणारा चिकट स्राव वेगळाच होता. परवा डॉक्टरांनी पापणीच्या आत कागदाची बारीक पट्टी मिनिटभर धरली. ती निदान १५ मिलिमीटर भिजायला हवी. जेमतेम ६ भिजली. अश्रूच कमी. मोतीसारख्या पग कुत्र्यांत हा कोरडेपणा बराच आढळतो म्हणे.

घरात माझे स्टेरॉइडचे थेंब पडून होते. तेच घालायला निघालो होतो मी! बुबुळावर जखम असती, तर चिघळलीच असती. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता उकळून कोमट केलेलं पाणी, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. सुकलेलं ओढायचं नाही. ओला कापूस टेकवून भिजू द्यायचं, मग नाकाकडून बाहेर हलकेच पुसायचं. नंतर सायक्लोस्पोरिनचं मलम, दिवसातून दोनदा, बहुधा जन्मभर. फरक पडायला काही आठवडे लागतील.

मोती माझ्या तळहातावर हनुवटी टेकून निमूट बसतो. आज पुसून झाल्यावर त्यानं दोन्ही डोळे पुरते उघडले.