पत्ता शेवटून वाचावा

आमचे अण्णा आरएमएसमध्ये होते. म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं म्हणून सांगते. रात्रीच्या गाडीला टपालाचा एक डबा असायचा, त्यात भिंतभर लाकडी खण, आणि धावत्या गाडीत उभं राहून एकेक पत्र योग्य खणात टाकायचं. आधी गाडीत आणि मग स्टेशनातल्या ऑफिसात, अण्णांनी छत्तीस वर्षं हेच केलं. पत्ते वाचले.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेल्या पावसाळ्यात याच अण्णांचे १८,४०० रुपये एका पत्त्यापायी गेले.

मेसेज आला होता वीज कंपनीच्या नावाने. मागचं बिल जमा नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, खालच्या लिंकवर १३ रुपये भरून नोंद करा. लिंक म्हणजे आठ-दहा अक्षरांचं गिचमिड. बाहेर पाऊस, आई आजारी, वीज जाऊन कसं चालेल? अण्णांनी दाबली लिंक. पान उघडलं, वर चिन्हबिन्ह सगळं रीतसर. कार्डाचा नंबर घातला, ओटीपी घातला. झालं.

अण्णांनी हे तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी आईने मला फोन केला. १९३० या नंबरवर लगेच कळवलं असतं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तीन दिवसांनी कसले अडताहेत! मी साताऱ्याला गेले आणि तोंडातून निघून गेलं, "अण्णा, कळत नाही तर दाबता कशाला?"

ते काही बोलले नाहीत. नुसते उठून गॅलरीत गेले.

रात्री झोप येईना म्हणून त्यांचा फोन हातात घेऊन बसले. वर वर जात आमचे जुने मेसेज बघत होते. मीच पाठवलेले. नातीचे फोटो, आईच्या तपासण्यांचे रिपोर्ट, माझे ब्लॉग. सगळ्या छोट्या केलेल्या लिंका, आणि प्रत्येकीखाली माझंच वाक्य: "अण्णा, यावर नुसतं दाबा." चार-पाच वर्षं मी त्यांना हेच शिकवत होते. पत्ता वाचू नका, दाबा!

तुम्हा ब्लॉगवाल्यांना आठवत असेल, ही छोट्या लिंकांची सवय आपल्याला का लागली ते. टायनीयूआरएल २००२ मध्ये आलं. ट्विटरवर १४० अक्षरांची मर्यादा होती, तेव्हा तर त्याला पर्यायच नव्हता. आपल्या मराठी मंडळींचं दुखणं आणखी वेगळं. पत्त्यात देवनागरी आली, की कॉपी करताना एकेका अक्षरखुणेची टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ अक्षरं व्हायची. वीस खुणांचं साधं शीर्षक १८० अक्षरांचं भूत होऊन बसायचं. कोण पाठवणार ते कुणाला? म्हणून छोटं करून पाठवायचं. सोय म्हणून केलं, पण त्यात पत्ताच झाकला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी कागद घेऊन अण्णांसमोर बसले. म्हटलं, "अण्णा, 'सातारा रोड, पुणे' असं पत्र आलं तर कुठल्या खणात?"

"पुण्याच्या. नवीन पोरं साताऱ्याच्या खणात टाकायची. आणि कोरेगाव तालुक्यात सातारारोड गाव आहे, ते आणखी वेगळंच." मग जरा खुलून म्हणाले, "पत्ता नेहमी शेवटच्या ओळीपासून वाचायचा. वर माणूस काय वाट्टेल ते लिहितो."

मला हेच हवं होतं. मी कागदावर लिहिलं: माझीबँक डॉट को डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप, मग एक तिरकी रेघ, पुढे 'लॉगिन'.

"पहिली तिरकी रेघ आली की पत्ता संपला," मी सांगितलं. "सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरच्या जोडरेघा सोडून द्यायच्या. रेघेच्या पुढचं सगळं घराच्या आतलं, कुठली खोली नि कुठलं कपाट. आता रेघेपासून मागे वाचा."

चष्मा सारखा करून त्यांनी उजवीकडून बोट फिरवलं. "टॉप. त्याच्या आधी केवायसी-अपडेट. म्हणजे मुक्काम पोस्ट हे. आणि ही माझीबँक वगैरे...?"

"सातारा रोड," मी म्हटलं.

अण्णा हसले. तीन-चार दिवसांत पहिल्यांदा.

मग मात्र त्यांनीच मला उलट शिकवायला घेतलं म्हणा ना! १९८३ मध्ये ही डोमेन नावांची पद्धत आखली गेली, तीही अशीच चालते. यंत्र नावाचा शोध उजव्या टोकाकडून घेतं. आधी 'इन'वाल्यांना विचारायचं, मग त्याच्या आतल्याला, मग त्याच्या आतल्याला. अण्णा म्हणाले, "आधी जिल्हा, मग पोस्ट, मग बीट. आमचंच की." नियम सोपा ठरवला. उजवीकडचे दोन शब्द म्हणजे मालक, आणि शेवटी 'को डॉट इन' किंवा 'गव्ह डॉट इन' असेल तर तीन.

रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यांवर जायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. अण्णांना हे फार आवडलं. "बँकांना वेगळा पिन दिला म्हण की." पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे पंडित. अण्णा त्यानंतर वर्षभरात नोकरीला लागले. जुने सॉर्टर कुरकुरायचे, अण्णांना मात्र ते सहा आकडे म्हणजे देवच वाटले. सारख्या नावांच्या गावांचा घोळ मिटला.

मग कुलूप. एचटीटीपीएसमधला शेवटचा एस आणि ते कुलुपाचं चित्र म्हणजे पाकीट नीट चिकटवलंय एवढंच. ते कुणाच्या घरी चाललंय, तो माणूस भला की चोर, याबद्दल कुलूप काही बोलत नाही. लोक भलताच अर्थ घेतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. पत्त्यात ॲटचं चिन्ह असेल तर त्याच्या आधीचं सगळं 'मार्फत'सारखं, नुसतं नाव. खरा पत्ता चिन्हाच्या नंतर. रोमन आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "रव आणि ख."

शेवटी छोटी लिंक. ती देणाऱ्याकडे एक वही असते, या अक्षरांसमोर हा लांब पत्ता. आपण दाबलं की तो आपल्याला तिकडे पाठवतो. त्याला रिडायरेक्ट म्हणतात, असं मी म्हटलं मात्र...

"रिडायरेक्ट? अगं, बिऱ्हाड बदललेल्या माणसाचं पत्र आम्ही तेच करायचो! पण पाकिटावर नवा पत्ता स्पष्ट लिहून. हे लोक लिहीत नाहीत?"

नाही लिहीत. बिटलीच्या लिंकपुढे अधिकचं चिन्ह घातलं तर आत काय आहे ते आधी दिसतं, पण असं कोण करतं? आणि वही बंद पडली की पत्रं निराधार. गुगलने आपली छोट्या लिंकांची सेवा नव्या लिंकांसाठी २०१९ मध्ये बंद केली, आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंका २०२५ मध्ये. म्हणून आमच्यात ठरलं, की पैशाची गोष्ट असेल तर लिंक कुणाचीही असो, दाबायची नाही. आपण होऊन पत्ता टाकून जायचं, किंवा बिलावरच्या नंबरला फोन करायचा.

पैसे परत मिळाले नाहीत. अण्णा त्यावर बोलत नाहीत, मीही नाही. पण त्या दिवशी गॅलरीत गेलेले अण्णा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. ज्या माणसाला पत्ता वाचता येत होता, त्याला हाही पत्ताच आहे एवढं सांगायचं मला सुचलं नव्हतं. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर रागावण्याआधी कागद घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात घाईत होते, सवयीने एका लेखाची छोटी लिंक त्यांना पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं:

"पत्ता अपुरा. प्रेषकाकडे परत."