झेंडी आणि घुंगरू

गळाने मासे धरणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे कुणी फारसे बरे बोलत नाही. ‘गळ टाकून बसलाय’ हे वाक्य कौतुकाने उच्चारलेले मी तरी ऐकलेले नाही. पण वाचकहो, गळ टाकणे सोपे असते. बसणे त्याहून अवघड, आणि सर्वांत अवघड म्हणजे मासा लागला हे वेळेवर कळणे. पाण्याखाली काय चालले आहे ते दिसत नाही. वर दिसते ती फक्त एक खूण. बूच हलते, काठीचे टोक लवते, घुंगरू वाजते. त्या खुणेवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न मला दोन वर्षांपासून छळतो आहे; आणि छळतो आहे तो आमच्या आबांमुळे.

आबा म्हणजे माझे आजोबा. रेल्वेत सिग्नलचे खलाशी होते. मनमाड–औरंगाबाद पट्ट्यात मीटरगेजच्या काळात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर लासूर स्टेशनला घर बांधले आणि शिवनेच्या डोहावर गळ टाकून बसू लागले. आमच्या घरात मासे खाणारे आबा आणि मी, असे दोघेच. बाकीच्यांना वास सहन होत नाही. त्यामुळे लहानपणापासून आबांच्या मागे कणकेचा गोळा आणि गांडुळांचा डबा घेऊन जाणारी मीच. ‘पोरीच्या जातीला हे काय वेड’ असे आत्या दर सुट्टीत म्हणते. ते आता तिच्याही अंगवळणी पडले आहे आणि आमच्याही.

आबांना काचबिंदू झाल्याचे कळले तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी सरळ सांगितले की गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची. रोज थेंब घालायचे. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडेने जाते. समोरचे दिसते, पण नळीतून पाहिल्यासारखे. आबा समोर बसलेल्या माणसाशी छान बोलतात आणि शेजारी ठेवलेला तांब्या त्यांना सापडत नाही. अशा माणसाने नदीवर जाऊ नये, आणि संध्याकाळी तर मुळीच जाऊ नये, असा घरात ठराव झाला. ठरावाला विरोध करणारे पुन्हा आम्ही दोघेच.

मी मनाशी म्हटले, आबांना बूच दिसत नसेल तर दुसरी खूण शोधू.

खुणांचे प्रकार आपल्याकडे काही कमी नाहीत. सर्वांत गरीब आणि माझ्या मते सर्वांत गुणी म्हणजे ज्वारीच्या ताटाचे भेंड. साल काढून आतला पांढरा गाभा बोटभर कापायचा, मधून तंगूस ओवायचा. इतके हलके की चिलापीच्या पोराने कणीक चाखली तरी ते थरथरते. पण तासा-दोन तासांत पाणी पिऊन जड होते, मग खोटे बोलू लागते. मोराच्या पिसाची दांडी त्याहून टिकाऊ. ती पाण्यात उभी राहते, आणि तळातले आमिष रोहूने उचलले की दोऱ्यावरचे शिसेही उचलले जाते व दांडी बुडण्याऐवजी वर येऊन आडवी पडते. नवख्याला वाटते काही झालेच नाही. जाणकार तेवढ्यात काठी उचलतो. रबरी चपलेचे तुकडे आणि थर्मोकोल ही आपल्या काळाची देणगी. दोन्ही बुडत नाहीत, पण वारा आला की थर्मोकोल पाण्याऐवजी वाऱ्याचीच बातमी देते.

या सगळ्या खुणा डोळ्यांसाठी. कानासाठीच्या खुणा थोड्या आणि गोंगाटाच्या. काठीच्या टोकाला घुंगरू बांधतात. किंवा दोऱ्याचा वेढा रिकाम्या डब्याला घालून डबा दगडावर ठेवतात. मासा ओढतो, डबा गडगडतो. वाम आणि शिंगाडा हे रात्रीचे मासे, त्यांच्यासाठी हे ठीक. आम्ही दोन्ही करून पाहिले. घुंगरू वाऱ्याने वाजायचे, वाहत आलेल्या शेवाळाने वाजायचे, बेडकाने काठीला धक्का दिला तरी वाजायचे.

इथे आबांचे आणि माझे भांडण झाले. भांडण म्हणजे वाद म्हणा, पण आवाज चढले होते एवढे खरे.

आबांचे म्हणणे असे की खोटे वाजले तरी चालेल, वाजायचे राहू नये. हे त्यांचे रेल्वेचे शिक्षण. जुना हाताचा सिग्नल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उंच खांबावर लाल रंगाची एक पट्टी असे, तिला हात म्हणत. हात आडवा म्हणजे थांब. खाली झुकला म्हणजे ये. केबिनमधला खटका ओढला की लांबवर गेलेली तार ताणली जाई आणि हात झुके. तार सोडली की वजनाच्या भाराने तो आपोआप आडवा होई. गंमत अशी की तार तुटली तरीही तो आडवाच होई. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबणार, धावणार नाही. अशा तारांना तेल घालण्यात, त्यांच्या कप्प्या साफ करण्यात आबांचा जन्म गेला. ते म्हणतात, “सिग्नल खोटं बोललाच तर थांब म्हणूनच बोलंल. गाडी उगं उभी राहिली तर शिव्या खाऊ. पण उगं सुटली तर?”

मुद्दा बिनतोड होता. पण मी म्हटले, आबा, गाडी उगाच थांबली तर ड्रायव्हर जागेवर बसून राहतो. घुंगरू उगाच वाजले तर तुम्ही उठता. अंधारात, ओल्या दगडांवरून, पाण्याकडे. खोट्या खुणेची किंमत तिथे वेळाने मोजायची, इथे पायाने मोजायची. आपल्याला दोन्हीकडून खरे बोलणारे काहीतरी हवे.

आबा गप्प बसले. त्यांचे गप्प बसणे म्हणजे कबुली नव्हे. पण नकारही नव्हता.

आता थोडे दूर जावे लागेल. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, नोकरीनिमित्त अमेरिकेत मिनिआपोलिसला असतो. मिनेसोटा हे दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणवते. हिवाळ्यात ती तळी गोठतात आणि तिथली माणसे बर्फावर चालत जाऊन मासे धरतात. हे ऐकून आत्याने देवाचे नाव घेतले. पण त्यात शास्त्र आहे. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झाले की हलके होऊन वर येते, म्हणून तळे वरून गोठते आणि खाली मासे जिवंत राहतात. वर चार इंच चांगला, स्वच्छ बर्फ असल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नये असा तिथल्या सरकारी खात्याचा सल्ला आहे. मग बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडतात आणि त्यावर एक यंत्र ठेवतात. त्याला ‘टिप-अप’ म्हणतात. माणशी दोनच दोऱ्या टाकता येतात, असा तिथला कायदा. थंडी अशी की भोकाशेजारी कुणी बसत नाही. माणसे दूर तंबूत चहा-कॉफी घेत असतात आणि लांबून झेंडीकडे लक्ष ठेवतात.

मी फोनवर दादाला विचारले, ती झेंडी खोटी किती वेळा उठते? दादा म्हणाला, ते तू कोणती घेतेस त्यावर आहे. मग त्याने जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. भाषाशास्त्राची वही होती, सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

टिप-अपची रचना साधी आहे. भोकावर आडवी राहणारी लाकडी फुली. तिच्यातून खाली जाणारी एक नळी, नळीत दांडी, आणि दांडीच्या खालच्या टोकाला दोऱ्याचे रीळ. रीळ पाण्याखाली असते, म्हणून ते गोठत नाही. वर असते तर बर्फात जाम झाले असते. माशाने दोरा ओढला की रीळ फिरते, दांडी फिरते, दांडीच्या वरच्या खटक्याखाली अडकवलेली स्प्रिंगची पट्टी सुटते आणि तिच्या टोकाची झेंडी ताडकन उभी राहते.

आता विश्वासू कोणती? दादाने दुकानात जाऊन पाच-सहा हाताळल्या. पहिली गोष्ट, रीळ बोटाने टिचकी मारताच फिरले पाहिजे, पण स्वतःहून फिरता कामा नये. दुसरी, खटका हलका-जड करता आला पाहिजे. चांगल्या टिप-अपच्या दांडीला एका बाजूला खाच आणि दुसरी बाजू गुळगुळीत असते. लहान माशासाठी पट्टी गुळगुळीत बाजूला लावायची, मोठ्यासाठी किंवा वारा असेल तेव्हा खाचेत. तिसरी, नळीत वंगण भरलेले हवे आणि तेही थंडीत न आळणारे. कारण नळीत पाणी शिरून गोठले की दांडी फिरत नाही. मासा लागतो, आमिष घेऊन जातो, झेंडी मात्र आडवीच. सर्वांत वाईट टिप-अप ती हीच, कारण तिच्याकडे पाहून माणूस निश्चिंत बसतो. चौथी गोष्ट स्प्रिंगची. ती मऊ पडली तर झेंडी अर्धवट उठते. चकतीच्या आकाराच्याही टिप-अप मिळतात. त्या भोक झाकून टाकतात, त्यामुळे भोक लवकर गोठत नाही. पण आपल्याला त्याचे काय? दादाने लाकडी फुलीची निवडली आणि दिवाळीत येताना घेऊन आला.

आबांनी ती हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही, बोटांनीच वाचली. खटका, पट्टी, दांडी, रीळ. मग झेंडी दाबून खटक्यात अडकवली, रीळ फिरवले, आणि पट्टी सुटून त्यांच्या तळहातावर बसली. ते हसले. “हा तर आपलाच सिग्नल. नुसता उलटा केलाय.”

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. झेंडी डोळ्याच्या कोपऱ्याला दिसावी म्हणून असते. माणूस गप्पा मारत असतो, कडेला काहीतरी नारिंगी उठते, मान वळते. आबांच्या डोळ्यांत तो कोपराच उरलेला नाही. त्यांच्यासाठी झेंडी उठली काय आणि न उठली काय. म्हणून आम्ही झेंडीचे कापड काढले आणि त्या जागी पितळेचे घुंगरू बांधले. काठीच्या टोकावर वाऱ्याने डोलणारे हेच घुंगरू. पण आता पट्टी वाकवून खटक्याखाली घट्ट धरलेली, त्यामुळे वारा कितीही आला तरी ते मुके. रीळ फिरेल तेव्हाच सुटणार आणि सुटेल तेव्हा छनकन एकदा वाजणार.

आधी घरामागच्या टिपाडात परीक्षा घेतली. टिपाडावर फुली ठेवली, दोऱ्याला रुपयाची नाणी चिंधीत बांधून एकेक वाढवत सोडली, किती भाराला खटका सुटतो ते पाहिले. आबा पाठ करून बसायचे आणि वाजले की हात वर करायचे. वाजले आणि हात वर झाला नाही असे एकदाही घडले नाही. खाचेत पट्टी अडकवली तर बरीच नाणी लागत. गुळगुळीत बाजूला लावली तर थोड्याच नाण्यांना सुटे, पण रीळ पाण्याच्या हिंदकळण्यानेही सरकू लागे. आबांनी खाचेची कड कानशीने किंचित घासून मधला भार साधला. ते काम त्यांनी मला करू दिले नाही. वंगणाचेही तसेच. थंडीसाठी केलेले ते पातळ वंगण आपल्या उन्हाळ्यात वाहूनच जाते. आबांनी नळी पुसून त्यात घट्ट ग्रीज भरले.

शिवनेवर बर्फ कुठून आणायचा? डोहाच्या काठाला दोन दगड जवळजवळ आहेत, मध्ये हातभर फट आणि खाली कमरेएवढे पाणी. त्या फटीवर फुली बसते आणि रीळ पाण्यात बुडते. मी दोरा लांब टाकते, आबा पाण्यापासून दहा पावलांवर, बाभळीला टेकून बसतात. बाभळीपासून दगडापर्यंत आम्ही सुतळी बांधली आहे. घुंगरू वाजले की उठायचे, सुतळीला हात लावायचा आणि सुतळी संपेल तिथे थांबायचे. पुढचे मी करते. या अटीवर घरचा ठराव मागे घेण्यात आला. लेखी काही नाही, पण आईने आबांची बॅटरी चार्ज करून ठेवली, म्हणजे आले सगळे.

पहिल्या तीन संध्याकाळी काही वाजले नाही. तिसऱ्या दिवशी मी परत परत जाऊन खटका पाहत होते. आबा म्हणाले, “बस गं. वाजत नाही म्हणजे मासा नाही.” मला त्या वाक्याचे नवल वाटले. वाजायचे राहू नये म्हणून वारा, बेडूक, शेवाळ सगळ्यांचे ऐकून घेणारा माणूस आता शांततेवर विश्वास ठेवत होता. आम्ही बोलत बसलो. मीटरगेजच्या गाड्या, निजामाच्या काळातली ही लाईन, नाथसागर झाल्यावर गोदावरीचे पाणी कसे कायगावपर्यंत फुगले, असे काहीबाही. आधीच्या वर्षभरात आम्ही नदीवर इतके बोललो नव्हतो, कारण सारखे बुचाकडे तरी बघायचो नाहीतर घुंगराला दचकायचो.

चौथ्या दिवशी अंधार पडल्यावर वाजले. एकदाच, छनकन. मला वाटले मी ऐकले, पण तोवर आबांचा हात सुतळीवर होता. वाम होती, हातभर लांब. दगडाच्या कपारीत घुसू पाहत होती. रीळ फिरतच राहिले म्हणून दोरा तुटला नाही. डबा किंवा काठी असती तर तुटला असता, असे आबा घरी येईपर्यंत सांगत होते. आत्या नाक धरून ओसरीवर बसली आणि मसाला मात्र तिनेच वाटला.

यंदा डोहात पाणी बरे आहे. होळीपर्यंत टिकेल असा आबांचा अंदाज. दादाने आणखी एक टिप-अप पाठवू का असे विचारले होते. आबा म्हणाले, एक पुरे, दोन वाजल्या तर कोणाकडे जाऊ? हल्ली डिसेंबर लागला की दर रविवारी फोनवर ते दादाची तब्येत नंतर विचारतात. आधी विचारतात, “तुमचा बर्फ चार इंच झाला का रे?”