उद्यांचें पान

रहस्यकथा वाचणें हा आपल्या सुशिक्षित घरांतून पुष्कळ दिवस चोरीचा मामला होता. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या व त्या घरोघर वाचल्या गेल्या. परंतु दिवाणखान्यांतील कपाटांत त्यांना जागा क्वचितच मिळाली. त्या उशीखालीं राहिल्या. पुढें सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या कादंबऱ्यांचेंहि अनेक घरीं तेंच झालें.

शिरूरच्या आमच्या घरांत मात्र ही लपवाछपवी नव्हती, कारण वाचनाचा अधिकार आत्याबाईंकडे होता. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं त्या मोठ्यानें वाचीत आणि ऐन रंगांत आलेल्या ठिकाणीं पुस्तक मिटून निजावयास जात. मग दुसरे दिवशीं भाजी निवडतांना खुनी कोण याचा खल चाले. शनिवारीं दौंडहून धाकटे काका आले म्हणजे त्यांचें मत सर्वांच्या विरुद्ध असावयाचेंच. त्यांची सारी नोकरी रेल्वेंत गेलेली. गाडी फलाटास लागल्याखेरीज ती आली असें मानूं नये, हा त्यांचा सिद्धान्त.

काचबिंदूनें आत्याबाईंची दृष्टि मंदावली आणि हें वाचन थांबलें. म्हणून शिरवळकरांच्या ‘समांतर’वरून मालिका निघाल्याचें कळतांच आम्हां सर्वांस आनंद झाला. २०२० सालीं तिचें पहिलें पर्व नऊ भागांत आलें व २०२१ सालीं दुसरें. दोन्ही पुरीं झाल्यावर एका दिवाळींत दौंडच्या मोठ्या दूरदर्शन-संचासमोर सारें कुटुंब जमलें.

कल्पना विलक्षण खरी. कुमार महाजन या गांजलेल्या गृहस्थाचा हात पाहून एक स्वामी सांगतात कीं, नेमक्या ह्याच रेषा आपण पूर्वीं एकदां पाहिल्या आहेत. सुदर्शन चक्रपाणि नांवाच्या मनुष्याचा जो भूतकाळ, तोच तुझा भविष्यकाळ. स्वप्नील जोशी व नितीश भारद्वाज यांचीं कामेंहि चोख. तरी आमचा विरस झाला. पहिले नऊ भाग बहुतेक चक्रपाणीच्या शोधांतच सरले. प्रत्येक भाग गांठ मारून संपे, आणि आम्ही तिजविषयीं दोन शब्द बोलतों तोंच पुढला आपोआप सुरू होई. जें तोंडानें सांगावयाचें तें बरेंचसें नजरेनें व भयसूचक वाद्यांनीं सांगितलेलें. “आतां काय झालें ग?” असें आत्याबाई विचारीत, आणि उत्तर देईपर्यंत आणखी तीन गोष्टी घडून गेलेल्या असत. पांचव्या भागास त्या म्हणाल्या, “तुम्ही पाहा, मी जरा पडतें.”

ह्या कथेंतील खरा प्रश्न चक्रपाणि कोठें आहे हा नव्हेच. उद्यांचें पान हातीं आलें तर तें वाचावें काय, हा तो प्रश्न. आमच्या घरांत तो त्याच सुमारास निराळ्या रूपानें आला होता. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. थेंब नेमानें घातले तर उरलेली बहुधा राखतां येते. ती कोठवर टिकेल, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें व पुढील व्यवस्था लावावी, असें काकांचें म्हणणें. आत्याबाई म्हणाल्या, “कोणते थेंब केव्हां घालावयाचे तेवढें विचारा. तारीख मला नको.” त्यावर काका बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. असें गप्प बसावयास पुस्तक सवड देतें. पडद्यानें ती आम्हांस दिली नाहीं.

दिवाळीनंतर शिरूरास ‘समांतर’ची जुनी प्रत पुन्हां बाहेर निघाली. हल्लीं सूनबाई वाचते, दौंडहून काका दूरध्वनीवर ऐकतात आणि कोठें थांबावयाचें तें आत्याबाई ठरवितात. कुमारानें चक्रपाणीस शोधावयास जावें कीं जाऊं नये, यावर शिरूर व दौंड यांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.