लालबागची खाणावळ

परवा कित्येक वर्षांनी लालबागला उतरलो. गिरण्यांच्या जागी टोलेजंग मनोरे. भोंगा नाही, पाळी सुटल्याची धांदल नाही. आमची चाळ मात्र अजून तग धरून आहे.

नोकरी लागल्यावर मी तिथे तळमजल्यावर राहत होतो आणि भिंतीला भिंत लागून मावशींची खाणावळ. एका खोलीत पाळीपाळीने तीस माणसे जेवत. वाढताना मावशी ताटाकडे कमी, तोंडाकडे जास्त पाहत. "गावचं पत्र न्हाई आलं व्हय रं?" एवढेच विचारीत आणि न मागता भाकरी पडे. अशा बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्याच्यामार्फत मिळालेल्या बँकेच्या कर्जातून मावशींनी सावकाराचे देणे फेडले होते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मावशींची वही उधारीने भरत गेली, गळ्यातली बोरमाळ दिसेनाशी झाली. पंगत मात्र मोडली नाही. पगारदार असा मी एकटाच. दुप्पट पैसे पुढे केले तर म्हणाल्या, "दुप्पट जेवतोस व्हय?"

पुढे माझी बदली झाली. गडबडीत अकरा दिवसांचे पैसे द्यायचे राहिले. मनिऑर्डर केली, ती परत आली. मावशी गावी गेल्या होत्या.

त्या खोलीत आता झेरॉक्सचे दुकान आहे. खिशातल्या कुठल्याशा कागदाची उगाच एक प्रत काढून घेतली, नोट ठेवली आणि निघालो. दुकानातला पोरगा मागून ओरडला, "काका, जास्त झाले हो!"