पोस्ट सॅम्पलचे पंधरा सेकंद

डायलिसिसच्या महिन्याच्या तपासण्यांत पोटॅशियम, फॉस्फरस, हिमोग्लोबिन यांवर डॉक्टर बोलतात, नातेवाईकही विचारतात. पोस्ट युरिया, म्हणजे डायलिसिस संपताना रक्तात उरलेला युरिया, मात्र सॅम्पल काढणाऱ्याच्या हातावर सोडलेला असतो. हल्ली माझा वेळ सुया टोचण्यापेक्षा शिकाऊ मुलांना तयार करण्यात जास्त जातो, आणि सगळ्यांत अवघड जातं ते हेच सॅम्पल शिकवणं. पंपाचा स्पीड १०० वर आणायचा, पंधरा सेकंद थांबायचं, मगच आर्टेरियल पोर्टमधून रक्त घ्यायचं. करायला सोपं आहे, पण मनाला पटत नाही. कारण न थांबणाऱ्याचं काही बिघडत नाही, उलट त्याचा रिपोर्ट जास्त चांगला येतो.

समजा, प्री युरिया, म्हणजे डायलिसिसआधीचा, १५० आहे आणि रुग्णाच्या रक्तात शेवटी खरोखर ५७ उरला आहे. युआरआर, म्हणजे युरियात झालेली घट, ६२ टक्के; किमान हव्या असलेल्या ६५ च्या खाली. पण फिस्चुलाचा, म्हणजे सुया टोचण्यासाठी जोडून केलेल्या रक्तवाहिनीचा, प्रवाह पंपाला पुरत नसेल, तर नुकतंच धुऊन परत गेलेलं रक्त पुन्हा आर्टेरियल सुईत ओढलं जातं. पूर्ण स्पीडवर घेतलेल्या सॅम्पलमध्ये हे स्वच्छ रक्त मिसळलं की युरिया ४८ दिसतो आणि युआरआर ६८ होतो. फिस्चुला आतून अरुंद होत चाललेला असतो, डायलिसिस अपुरं पडत असतं, आणि नेमका त्याच रुग्णाचा कागद बिनघोर दिसतो. इतर तपासण्यांतली चूक निदान संशय तरी जागवते: रक्त फुटलं तर पोटॅशियम अवाच्या सवा वाढतं आणि लॅब फोन करते. इथली चूक सगळ्यांना खूश करून जाते. बरं, उशीर केला तरी फसगतच. पेशींतला युरिया रक्तात परत येऊ लागतो आणि आकडा वर चढतो. सलाइनने रक्त परत दिल्यावर घेतलेलं सॅम्पल तर पातळच झालेलं असतं.

यावर म्हणतात, युरिया हा एक लहानसा रेणू, त्याचं एवढं कौतुक कशाला? २००२ च्या हेमो अभ्यासात डायलिसिसचा डोस वाढवूनही रुग्ण जास्त जगले नाहीत, हा दाखलाही मिळतो. पण ती तुलना पुरेसा डोस आणि त्याहून मोठा डोस यांच्यातली होती, आणि सगळे रुग्ण आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे होते. अपुरा डोस चालेल, असं त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप नव्या मशीनचा: ते स्वतःच केटी बाय व्ही, म्हणजे डायलिसिसच्या डोसचं माप, दाखवतं. दाखवतं खरं, आणि उपयोगीही आहे. पण बऱ्याच मशीनमध्ये त्यातला ‘व्ही’, म्हणजे अंगातलं पाणी, माणसानेच भरलेल्या माहितीवरून येतो. वजन, उंची चुकली की पडद्यावरचा आकडाही चुकतो. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. शिफ्ट बदलताना दोन मशीन एकदम वाजत असतात, पुढचा रुग्ण दारात उभा असतो, तेव्हा थांबायचं कसं? याला मी कामचुकारपणा म्हणणार नाही. एका तंत्रज्ञावर किती मशीन टाकायची, हे ठरवणाऱ्यांनी या पंधरा सेकंदांचा हिशेब धरलेला नसतो.

आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. ६५ टक्के हा उंबरठा आठवड्याला तीन डायलिसिस धरून आखलेला आहे. आपल्याकडे कितीतरी रुग्ण पैशांपायी, प्रवासापायी दोनदाच येतात. लघवी बऱ्यापैकी होत असेल तर काहींचं दोनवर भागतं. पण त्यासाठी चोवीस तासांची लघवी जमवून मोजावी लागते, आणि ती फार कमी वेळा मोजली जाते. मग ‘६८ आहे, छान आहे’ हे वाक्य दुहेरी खोटं ठरू शकतं. तरीही ते ऐकायला गोड लागतं. युआरआर चांगला आला की मला तो माझ्या हाताचा गुण वाटतो, आणि हा अभिमान वयाबरोबर कमी झालेला नाही. म्हणूनच चांगल्या आकड्याची उलटतपासणी करायला कोणाचाच हात उचलत नाही. सॅम्पल कोणी घेतलं, कोणत्या स्पीडला, किती सेकंदांनी, आणि डायलिसिस प्रत्यक्षात किती तास चाललं, एवढी एक ओळ रिपोर्टवर छापून यावी, असं मी मागत आले आहे. खाली सही तंत्रज्ञाची असावी.