तोरणमाळच्या वाटेवर

सातपुड्याच्या अरण्यात पाऊल घालण्याची ज्यास मनापासून इच्छा आहे, त्याने वैशाखाची होरपळ टाळून, पर्जन्यकाळ सरल्यावर, घाटातील दरडी स्थिरावल्या आणि ओढ्यांचे पाणी निवळले म्हणजे, शहाद्याहून भल्या पहाटे प्रस्थान ठेवावे, असे माझे मत अलीकडे दृढ होत चालले आहे. पहाटेचा आग्रह एवढ्याचसाठी की, १८८४ नंतर खात्रीलायक दर्शन न घडल्यामुळे नामशेष मानला गेलेला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्याच रानात पुन्हा आढळलेला वनपिंगळा, घुबडांच्या कुळातला असूनही, दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून सरडे टिपतो. त्यास बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे शौकीन मला मुळीच पसंत नाहीत. विणीच्या हंगामात तर तो निव्वळ जुलूम होय. कोठे थांबावे हे नकाशापेक्षा पावरा वाटाड्यास विचारावे, आणि त्याचा मेहनताना निघण्यापूर्वीच मुक्रर करावा. महाशिवरात्रीस गोरखनाथाच्या यात्रेला लोटणारा जनसमुदाय पाहण्याजोगा खरा, पण त्या दिवसांत पाखरांची अपेक्षा धरू नये. माथ्यावर हिवाळ्यात रात्री गारठा फार, घोंगडी हवीच.