विस्मरण आणि विद्युच्चुंबकीय लहरी

गेल्या चातुर्मासांत एके सायंकाळीं मीं नातवास ‘सखि’ शब्द चालवावयास सांगितलें. पंचमीस येऊन तो अडखळला. आणि त्यास सांवरावयास गेलों तों रूप मलाही आठवेना! ज्या शब्दानें छत्तीस वर्षें माझ्या विद्यार्थ्यांस घाम फोडला, त्यानेंच म्हातारपणीं मास्तरांना बाकावर उभें केलें. नातवानें मोबाइलमध्यें पाहून ‘सख्युः’ म्हणून सांगितलें. सूनबाई हंसून म्हणाली, “मामंजी, तें यंत्र रात्रभर आपल्या उशाशीं असतें. त्याच्या लहरींनींच होतें हें.”

माझे वडील अखेरीअखेरीस घरच्या माणसांनाही ओळखीनासे झाले होते. त्यामुळें ही थट्टा मला फार वेळ थट्टा वाटली नाहीं. मी मिळेल तें वाचूं लागलों.

स्वित्झर्लंडांतील १२ ते १७ वर्षांच्या सुमारें ७०० मुलामुलींच्या स्मरणशक्तीची वर्षाच्या अंतरानें परीक्षा घेण्यांत आली. तें संशोधन २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. यंत्र कानाशीं धरून बोलल्यामुळें ज्यांच्या मेंदूस लहरींचा अधिक अंश पोंचला, त्यांची आकृति ध्यानांत ठेवण्याची शक्ति थोडी मागें राहिलेली दिसली; उजव्या कानाशीं धरणारांत विशेष. माझें हरवलें तें तर शब्दरूप! शिवाय, २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें करविलेल्या समीक्षेंत, अल्पकाळ अशा लहरी लागल्यानें बुद्धि मंदावते असा पुरावा आढळला नाहीं. दीर्घकालाविषयींचा पुरावा अद्याप तोकडाच आहे.

गंमत अशी कीं, चुंबकीय क्षेत्रानेंच स्मृति सुधारल्याचाही दाखला सांपडला. अमेरिकेंत ६४ ते ८० वर्षांच्या कांहीं वृद्धांच्या मेंदूस पांच दिवस, रोज वीस मिनिटें, चुंबकीय स्पंदनें दिलीं. दुसरे दिवशीं त्यांची स्मृति सुधारलेली आढळली. हा प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. अर्थात् तीं प्रबळ स्पंदनें निराळीं, आणि आमच्या उशाजवळच्या यंत्राच्या लहरी निराळ्या. मोबाइल डोक्यास बांधून कोणीं ‘अमरकोश’ घोकूं लागूं नये!

खरें सांगायचें तर माझा संशय लहरींवर नाहीं, माझ्यावरच आहे. निवृत्त झाल्यापासून एक रूप तरी मीं मनांत चालवून पाहिलें होतें काय? अडलें कीं यंत्र हातीं घेत होतों.

तूर्त मोबाइल रात्रीं ओसरीवर असतो. जेवणें झालीं कीं नातू एकदम विचारतो, “आजोबा, सखि, पंचमी?” काल मीं बरोबर सांगितलें. मग त्यानें सप्तमी विचारली, आणि सूनबाई भांडीं आवरतां आवरतां थांबून माझ्याकडे पाहूं लागली.